स्टेपनी : मोटारीच्या जादा चाकाचा उगम, स्थान आणि सुरक्षितता

मोटारीच्या जादा चाकास मराठीत 'स्टेपनी' म्हणतात. हिंदीसह इतर भारतीय भाषांतही हाच शब्द रूढ आहे. इंग्रजीतून आलेल्या असंख्य शब्दांपैकी तो एक असावा, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु आजच्या ब्रिटनमधील सामान्य वाहनचालकासमोर हा शब्द उच्चारला, तर त्याला बहुधा अर्थबोध होणार नाही. लंडनच्या पूर्व भागात स्टेपनी नावाची वस्ती आहे आणि त्यामुळे शब्दाचा संबंध कधी कधी तिच्याशी जोडला जातो. तोही बरोबर नाही. हा शब्द वेल्समधील लानेली या गावातील एका रस्त्याच्या नावावरून आलेला आहे आणि ज्या वस्तूसाठी तो प्रथम वापरला गेला ती वस्तू जगातून केव्हाच नाहीशी झाली आहे.

जादा चाकाचा इतिहास हा मोटारीच्या इतिहासातील एक किरकोळ तपशील मानला जातो. वस्तुतः या चाकाने एक महत्त्वाची फारकत घडवून आणली. चाक बदलणे आणि चाक दुरुस्त करणे ही दोन कामे आज आपण सहज वेगळी मानतो. पहिले चालकाने रस्त्याच्या कडेला करावयाचे, दुसरे पंक्चरवाल्याने आपल्या दुकानात. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ही दोन्ही कामे एकच होती आणि ती रस्त्यावरच करावी लागत. ही फारकत कशी झाली, तिच्यामुळे चाक कोठे व कसे ठेवावयाचे हा नवा प्रश्न कसा उभा राहिला आणि अलीकडच्या काळात ती फारकत पुन्हा कशी पुसली जात आहे, यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

धावेकडून हवेकडे

बैलगाडीच्या चाकाची रचना महाराष्ट्रातील वाचकास परिचित आहे. मध्यभागी तुंबा, त्यातून निघालेले आरे आणि परिघावर तापवून चढविलेली लोखंडी धाव. धाव गार होताना आकुंचन पावते व संपूर्ण चाक आवळून धरते. या चाकाची दुरुस्ती सुतार आणि लोहार यांच्याकडे, म्हणजे गावातच होत असे. धाव सैल झाली तरी ती एकाएकी निकामी होत नसे. गाडीवानास गाव गाठता येई. त्यामुळे बैलगाडीबरोबर जादा चाक नेण्याची प्रथा सामान्यतः नव्हती.

हवाभरित टायरने हे सर्व बदलले. स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ मध्येच अशा टायरचे पेटंट घेतले होते, पण ते विस्मृतीत गेले. १८८८ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलप याने, मुलाच्या तीनचाकी सायकलीवर केलेल्या प्रयोगातून, त्याच कल्पनेचे स्वतंत्रपणे पेटंट घेतले. थॉमसनच्या अग्रहक्कामुळे ते पुढे रद्द ठरले, तरी नाव डनलपचेच राहिले. डनलपचा टायर चाकाच्या कडीवर कापडाने गुंडाळून चिकटविलेला असे. छिद्र पडल्यास सर्व आवरण सोडवावे लागे व नंतर डिंक वाळण्याची वाट पाहावी लागे. फ्रान्समधील क्लेर्मों-फेराँ येथील मिशलँ बंधूंच्या कारखान्यात १८८९ मध्ये एक सायकलस्वार असा टायर घेऊन आला, तेव्हा दुरुस्तीस तीन तास लागले आणि टायर रात्रभर वाळत ठेवावा लागला. या अनुभवातून १८९१ मध्ये मिशलँ यांनी सायकलीसाठी काढता येणारा टायर तयार केला. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत त्याच बंधूंनी हवाभरित टायर लावलेली मोटार उतरविली. वाटेत टायर वारंवार निकामी झाले, ट्यूब बदलाव्या लागल्या आणि नियोजित वेळ ओलांडली गेली. मात्र मोटार हवेवर धावू शकते एवढे सिद्ध झाले.

रस्ते अद्याप घोड्यांचे होते. घोड्यांच्या नालांचे खिळे सर्वत्र विखुरलेले असत. मोटारीची लाकडी आऱ्यांची चाके आसावर पक्की बसविलेली असत, ती रस्त्यावर सहज निघत नसत. म्हणून पंक्चर झाल्यावर गाडी उचलून, चाक जागीच ठेवून, लोखंडी पट्ट्यांनी टायरची घट्ट कड उचकटावी लागे, ट्यूब बाहेर काढावी लागे, ठिगळ लावावे लागे किंवा दुसरी ट्यूब घालावी लागे आणि हातपंपाने हवा भरावी लागे. चिखलात वा उन्हात हे काम तासभर चाले. श्रीमंत मालकांनी यासाठी पगारी चालक ठेवले, याचे एक कारण हेही होते.

लानेलीचे चाक

लानेलीतील थॉमस मॉरिस डेव्हिस आणि वॉल्टर डेव्हिस हे लोखंडी सामानाचे व्यापारी. त्यांनी १९०४ च्या सुमारास काढलेला उपाय साधा होता. आरे नसलेली एक धातूची कडी, तिच्यावर आधीच हवा भरलेला टायर आणि कडीला पकडीचे आकडे. मोटारीचे चाक पंक्चर झाले की ते न काढता, त्याच्या बाहेरच्या बाजूस हे दुसरे वर्तुळ आकड्यांनी व पंखाच्या नटांनी आवळून बसवावयाचे आणि पुढे निघावयाचे. निकामी टायर आपल्या जागी तसाच राही. डेव्हिस यांचा व्यवसाय स्टेपनी स्ट्रीटवर होता. लानेलीच्या परिसरात जमीनदारी असलेल्या स्टेपनी घराण्यावरून त्या रस्त्यास हे नाव मिळाले होते. चाकास तेच नाव देण्यात आले व १९०६ मध्ये त्याच्या उत्पादनासाठी कंपनीची नोंदणी झाली. एका वेल्श जमीनदार घराण्याचे नाव अशा रीतीने नाशिक-धुळे रस्त्यावरील पंक्चरच्या दुकानाच्या पाटीपर्यंत पोहोचले.

या चाकाचे मर्यादित स्वरूप लक्षात घेणे आवश्यक आहे. मूळ चाकाच्या बाहेर लटकणाऱ्या वर्तुळावर गाडीचा भार एका अंगाने पडे. ते दूरच्या प्रवासासाठी नव्हते. मुक्कामापर्यंत पोहोचविणे एवढेच त्याचे काम. परंतु या 'एवढ्याच' कामात क्रांती सामावलेली होती. दुरुस्ती पुढे ढकलता येऊ लागली. रस्त्यावर काही मिनिटांचे काम उरले आणि उरलेले कौशल्याचे काम ज्याच्याकडे अवजारे, पाणी व सावली आहे अशा माणसाकडे सोपविता येऊ लागले. पंक्चर काढण्याचा स्वतंत्र व्यवसाय भरभराटीस येण्यास मोटारींची वाढती संख्या जितकी कारणीभूत झाली, तितकीच ही फारकतही, असे मानण्यास जागा आहे.

ब्रिटिश साम्राज्यातील बाजारपेठांबरोबर हे नाव पसरले. माल्टामध्ये ते आजही प्रचलित आहे. साम्राज्याबाहेरील ब्राझीलमध्ये जादा चाकास 'एस्तेपी' म्हणतात, तेही याच शब्दाचे रूप. ब्रिटनमध्ये मात्र वस्तू गेली आणि तिच्याबरोबर शब्दही गेला. 'डिकी' या शब्दाची कथाही काहीशी अशीच आहे. इंग्रजीत तो गाडीच्या मागील उघड्या आसनाचे नाव होता. ते आसन गेले, आपल्याकडे त्या जागेच्या सामानकप्प्यास तो चिकटून राहिला. आज 'डिकीतली स्टेपनी' म्हणताना मराठी माणूस एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांच्या सांध्यावरील दोन इंग्रजी वस्तूंची नावे एका दमात घेत असतो. 'स्टेपनी' शब्दास आपल्या बोलीत 'जादा माणूस' असा लाक्षणिक अर्थ आला आणि स्त्रियांच्या संदर्भात एक हीन अर्थही चिकटला. भाषेच्या अभ्यासकाने तो नोंदवावा, वापरू नये.

सुट्या चाकाचा विजय

स्टेपनीचे चाक मागे पडले ते त्याहून सोप्या उपायामुळे. पंक्चर झालेल्या चाकावर दुसरे चाक जोडण्याऐवजी ते चाक किंवा त्याची कडीच काढून दुसरी बसविता आली तर? या प्रश्नाचे उत्तर शर्यतींनी दिले. जून १९०६ मध्ये ल माँ येथे झालेल्या पहिल्या फ्रेंच ग्राँ प्री शर्यतीत दोन दिवसांत सुमारे १,२३८ किलोमीटर अंतर कापावयाचे होते आणि गाडीचे काम फक्त चालक व त्याचा सहायक यांनीच करावे असा नियम होता. नेहमीच्या रीतीने टायर कापून नवा बसविण्यास पंधराएक मिनिटे लागत. रेनो गाडी चालविणाऱ्या हंगेरियन फेरेंत्स सिस याच्या मागील चाकांना मिशलँची काढता येणारी कडी होती. नट सोडून हवा भरलेल्या टायरसह नवी कडी चढविण्यास चार मिनिटांहूनही कमी वेळ पुरे. कड्नाक उन्हात डांबर वितळत होते, टायर फुटत होते आणि सिस अर्ध्या तासाहून अधिक आघाडीने जिंकला. इंजिनाच्या शक्तीइतकेच श्रेय नटांना जाते.

ब्रिटनमध्ये रज-व्हिटवर्थ कंपनीने तारेच्या आऱ्यांचे संपूर्ण चाकच मध्यभागीच्या एका नटावर काढता येईल अशी रचना याच सुमारास केली. गाडीच्या डाव्या व उजव्या बाजूंच्या नटांच्या आट्यांची दिशा वेगळी ठेवल्यामुळे चालत्या गाडीत नट सैल होण्याऐवजी आवळला जाई. ही सोय इतकी परिणामकारक ठरली, की १९०८ च्या ग्राँ प्रीमध्ये अशा चाकांना मनाई करण्यात आली आणि त्यामुळे नेपियर या ब्रिटिश कंपनीच्या गाड्या शर्यतीबाहेर राहिल्या. पुढे दाबून घडविलेल्या पोलादी तबकडीचे, चार-पाच नटांवर बसणारे चाक आले. आजच्या बहुतेक मोटारींचे चाक त्याच वंशातील आहे.

सुट्या चाकाचा प्रसार होण्यापूर्वीच्या श्रमांचे एक उदाहरण येथे नोंदविणे अगत्याचे आहे. १९०९ मध्ये ॲलिस रॅम्से ही बावीस वर्षांची तरुणी मॅक्सवेल मोटार घेऊन न्यू यॉर्कहून सॅन फ्रॅन्सिस्कोस गेली. ५९ दिवस, सुमारे ३,८०० मैल. सोबतच्या तिघी स्त्रियांपैकी कोणालाही गाडी चालविता येत नव्हती. वाटेत तिने अकरा टायर बदलले. टायर बदलणे हे पुरुषी बळाचे काम, ही समजूत आजही आपल्याकडील मोटार प्रशिक्षण वर्गांत टिकून आहे. परवान्याच्या परीक्षेत चाक बदलून दाखविण्याची अट नसते आणि वर्गचालकही ते क्वचितच शिकवितात. त्यामुळे स्त्रियाच नव्हे, बहुसंख्य पुरुषही पहिले चाक बदलतात ते प्रत्यक्ष संकटातच.

जॅक आणि नट

जुन्या पद्धतीत श्रम अधिक होते, पण एक धोका नव्हता : चाक आसावरून निघून जाण्याचा. सुट्या चाकाने तो आणला आणि त्याबरोबर चाक बदलण्याची एक शिस्तही आली. तिच्यातील प्रत्येक पायरीमागे यांत्रिक कारण आहे. गाडी सपाट व टणक जागी घेऊन हातब्रेक ओढावयाचा आणि उचलावयाच्या चाकाच्या तिरक्या समोरील चाकास दगड लावावयाचा, कारण हातब्रेक सामान्यतः मागील चाकांवरच चालतो. मागील चाक उचलले की त्याचा आधार निम्मा होतो. नट सैल करावयाचे ते चाक जमिनीवर असतानाच. उचललेल्या चाकावर जोर लावला तर चाक फिरते आणि गाडी जॅकवरून घसरते. जॅक लावण्याची जागा गाडीच्या खालच्या कडेस ठरावीक ठिकाणी मजबूत केलेली असते. अन्यत्र लावल्यास पत्रा दबतो. सुमारे एक टन वजनाची गाडी हाताएवढ्या जॅकवर तोललेली असताना तिच्याखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये. बदलावयाचे चाक गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवण्याची अनुभवी चालकांची सवय यासाठीच असते. जॅक निसटला तरी गाडी चाकावर विसावते.

नटाची निमुळती बाजू चाकाकडे असावी लागते. ती चाकास बरोबर मध्यभागी आणते. नट ओळीने न आवळता समोरासमोरचे आवळावयाचे, गाडी खाली उतरवून अखेरचा जोर द्यावयाचा आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावून पाहावयाचा. ही अखेरची पायरी बहुधा विसरली जाते. पान्यावर उभे राहून किंवा त्यास नळी जोडून नट आवळण्याची प्रथाही घातक आहे. त्यामुळे बोल्ट ताणला जातो आणि पुढच्या वेळी, कदाचित रात्री घाटात, तो नट उघडतच नाही.

भारतीय रस्त्यांवर मोठा धोका मात्र गाडीच्या वजनापेक्षा मागून येणाऱ्या वाहनाचा असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२२ व्या कलमान्वये धोका वा अडथळा होईल अशा रीतीने वाहन उभे ठेवण्यास मनाई आहे. प्रत्यक्षात बंद पडलेल्या ट्रकमागे झाडाच्या फांद्या व मोठे दगड मांडण्याची पद्धत महामार्गांवर सर्वत्र दिसते. परावर्तक त्रिकोण नसताना ती समजण्याजोगी आहे. पण चाक बदलून ट्रक निघून जातो आणि दगड तेथेच राहतात. एका पंक्चरवरील उपाय हा दुसऱ्या अपघाताचे कारण होतो.

चाक ठेवावयाचे कोठे?

पाचवे चाक सोबत न्यावयाचे ठरल्यावर त्याच्या जागेचा प्रश्न उभा राहिला आणि तो समाधानकारकपणे कधीच सुटला नाही. आरंभी ते पायफळीवर, दाराजवळ, पट्ट्यांनी बांधलेले असे. १९२०-३० च्या दशकांत ते पुढच्या मडगार्डमधील खोबणीत किंवा गाडीच्या पाठीवर गेले. ऐटबाज गाड्यांना दोन्ही बाजूंस एकेक जादा चाक असे. १९४० च्या लिंकन कॉन्टिनेन्टल गाडीच्या पाठीवरील झाकलेले चाक इतके डौलदार ठरले, की १९५० च्या दशकात अमेरिकेत निव्वळ शोभेसाठी तसा उंचवटा बसविण्याची टूम निघाली. गाड्यांचे आकार गोलसर झाले तसे चाक डिकीत शिरले. इंजिन मागे असलेल्या फोक्सवॅगन बीटलमध्ये ते पुढच्या सामानकप्प्यात होते आणि काच धुण्याचे पाणी उडविण्यासाठी त्यातीलच हवा वापरली जाई. हवा ठरावीक पातळीखाली गेली की झडप बंद होई. जादा चाकाकडून काही काम करून घेण्याचा हा विरळा प्रयत्न.

दुसऱ्या महायुद्धात हे पाचवे चाक राष्ट्रीय प्रश्न बनले. १९४२ च्या आरंभी मलाया व डच ईस्ट इंडीज जपानच्या ताब्यात गेल्यावर अमेरिकेचा सुमारे ९० टक्के नैसर्गिक रबराचा पुरवठा तुटला. टायरचे रेशनिंग सुरू झाले आणि पेट्रोलची शिधापत्रिका हवी असल्यास आपल्याकडे मोटारीमागे पाचांहून अधिक टायर नाहीत, असे लिहून द्यावे लागे. उरलेले सरकार विकत घेई. चार चालू आणि एक जादा, यापेक्षा अधिक बाळगणे ही साठेबाजी ठरली. परंतु ते एक जादा चाक काढून घेण्याचे धाडस युद्धकाळातही झाले नाही.

डिकीतील चाकाच्या सुरक्षिततेचा विचार आपल्याकडे फारच कमी होतो. खळग्यातील मधला स्क्रू न लावता चाक नुसते आडवे टाकलेले असते. पंक्चर काढून आणलेले चाक तर कित्येक दिवस सामानावर उभेच असते. पंधरा किलोचे चाक ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीत आहे आणि टक्कर होऊन गाडी दशांश सेकंदात थांबली, असे मानल्यास त्या चाकास धरून ठेवण्यासाठी सुमारे २१० किलो वजनाइतके बल लागते. मागील आसनाची पाठ हे बल सोसण्यासाठी आखलेली असतेच असे नाही आणि त्या आसनावर बहुधा मुले बसलेली असतात. ज्या गाड्यांत चाक तळाखाली टांगलेले असते, तेथे प्रश्न गंजाचा. २०१० मध्ये टोयोटाने अमेरिकेतील सुमारे ६ लाख सिएना गाड्या परत बोलाविल्या, कारण थंड प्रदेशांत रस्त्यावर टाकल्या जाणाऱ्या मिठाने टांगणीची तार गंजून चाक रस्त्यावर पडण्याची शक्यता होती. कोकणच्या खाऱ्या दमट हवेत वापरल्या जाणाऱ्या वाहनांच्या मालकांना हा धोका परका नसावा.

न वापरलेले चाकही म्हातारे होते. रबर काळाने कडक होते, हवा हळूहळू झिरपते. टायरच्या बाजूवर चार अंकी खूण असते; २३१९ याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चालू चारही टायर दोनदा बदलून झाले तरी डिकीतील पाचवा मूळचाच, अशा गाड्या पुष्कळ आहेत.

या संदर्भात दुचाकीचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. १९४६ च्या व्हेस्पा स्कूटरचा आरेखक कोर्रादिनो दास्कानिओ हा मूळचा विमान-अभियंता. मोटारसायकलीचे चाक काढणे त्रासाचे असते, हा त्याचा आक्षेप होता. त्याने पुढचे चाक दोन्ही बाजूंच्या चिमट्याऐवजी एका बाजूच्या आधारावर बसविले. पुढचे व मागचे चाक सारखेच ठेवले. म्हणून एकच जादा चाक दोहोंच्या जागी चाले. पियाज्जिओच्या परवान्याने पुण्याजवळील आकुर्डीत स्कूटर बनविणाऱ्या बजाज कंपनीने १९७२ मध्ये आणलेल्या चेतकमध्ये हीच परंपरा राहिली. मागच्या आसनामागे झाकण घातलेली स्टेपनी आणि तिच्यावर रंगविलेले नाव हे महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबाचे कित्येक वर्षे ओळखचिन्ह होते. चारचाकी दुर्लभ असलेल्या त्या काळात चाक बदलण्याची विद्या घराघरांत पोहोचविण्याचे श्रेय मोटारीपेक्षा स्कूटरला द्यावे लागेल.

पुन्हा रस्त्याच्या कडेला

जादा चाकाची पीछेहाट अनेक कारणांनी झाली. १९४७ मध्ये गुडरिच कंपनीने ट्यूबविरहित टायर जाहीर केला. १९५५ पर्यंत बहुतेक नव्या अमेरिकी गाड्यांत तो आला. खिळा शिरला तरी त्यातील हवा एकदम जात नाही. १९७० च्या दशकातील तेलटंचाईनंतर वजन घटविण्यासाठी अरुंद, तात्पुरते चाक आले. त्यात हवेचा दाब ६० पौंड ठेवावा लागतो आणि त्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा असते. विचार केल्यास लानेलीच्या मूळ स्टेपनीचाच हा पुनर्जन्म होय : मुक्कामापर्यंत पोहोचविणारे, त्याहून अधिक वचन न देणारे चाक. आपल्याकडे मात्र हे चाक आठवडेच्या आठवडे वापरले जाते.

जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन, ट्यूबविरहित टायर, हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या प्रवासी मोटारींना जादा चाकाच्या सक्तीतून सूट मिळाली. विद्युत् वाहनांतील मोठ्या बॅटरीस जागा मिळावी, हा त्यामागील एक हेतू होता. संचातील द्रव टायरमध्ये सोडावयाचा, छोट्या पंपाने हवा भरावयाची आणि निघावयाचे, अशी ही रीत. टायरच्या तळव्यातील लहान छिद्रास ती पुरेशी आहे. खड्ड्याच्या धारेवर आपटून टायरची बाजू चिरली गेली तर तिचा उपयोग नाही आणि आपल्या रस्त्यांवर तशी चीर ही अपवादात्मक घटना नव्हे. द्रवासही मुदत असते. चाक बदलणे व चाक दुरुस्त करणे यांची १९०४ मध्ये झालेली फारकत येथे संपते. दुरुस्ती दुकानातून पुन्हा रस्त्याच्या कडेला येते आणि ती पुन्हा चालकानेच करावयाची असते. आंबा घाटात पावसाळी रात्री, मोबाइलला संपर्क नसताना, याचा अर्थ काय होतो हे नियम करताना कितपत विचारात घेतले गेले, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. महानगरांतील मदतसेवेचे जाळे गृहीत धरून केलेली बचत ग्रामीण भागातील चालकाच्या वाट्याला जोखीम म्हणून येते.

जादा चाक नसलेल्या कित्येक गाड्यांच्या डिकीत तळाचा गालिचा उचलला, तर चाकाच्या मापाचा गोल खळगा अद्याप तसाच आढळतो. त्यात एक बाटली, एक पंप आणि पुष्कळ मोकळी जागा असते. गाडी विकत घेणारा विक्रेत्यास अजूनही विचारतो तो एकच प्रश्न : "स्टेपनी कुठे आहे?"